रानाची भाषा जाणणारा : जिम कॉर्बेट

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे आगरदांडा हे खाडीकाठचे गाव. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. मुरूड ओलांडून उत्तरेला गेले की फणसाडचे रान लागते. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. माझे पणजोबा त्या शिकारींत रान उठवायला जात. डबे बडवीत, ओरडत माणसांची रांग पुढे सरकायची आणि भ्यालेले जनावर बंदुकीपुढे यायचे. याला हाका म्हणतात.

जनावर बाहेर काढण्याची दुसरीही एक रीत आहे. तिच्यात जनावराला भिववायचे नसते, बोलवायचे असते. माझे आजोबा तरुणपणी ओठांत पान धरून भेकराच्या पाडसाचा आवाज काढीत. त्या आवाजाने मादी जाळीतून बाहेर येई. अमेरिकेतले शिकारी म्हणे अशाच शिट्ट्या वाजवून काळ्या अस्वलांना बोलावतात. पाडस कुठे तरी सापडले आहे असे समजून अस्वल खाण्याच्या आशेने येते. आजोबांनी मात्र पान वाजवणे कधीच सोडून दिले. आम्ही नातवंडांनी कितीही हट्ट धरला तरी ते वाजवीत नाहीत.

गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात जिम कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक मला मिळाले. पुस्तक इंग्रजी, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. हे पुस्तक १९४४ साली प्रथम प्रसिद्ध झाले ते आपल्या मुंबईतून, हे पाहून मला उगीचच आपलेपणा वाटला.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचे नाहीत तोच वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याचे काळाढुंगी असे या कुटुंबाचे राहणे होते. काळाढुंगीच्या रानात या मुलाची खरी शाळा भरली. कोणता पक्षी कोणत्या जनावराला पाहून ओरडतो, चितळ कधी इशारा देते, बिबळ्या कसा हाक घालतो, हे तो नुसते ऐकत नसे. स्वतःच्या गळ्यातून तसेच्या तसे काढून पाही. त्याला रान शिकविणाऱ्यांत कुंवरसिंग नावाचा एक गावकरी होता. चोरून शिकार करण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे जगभर नाव झाले ते कॉर्बेट यांचे, पण त्यांनी आपल्या लेखनात कुंवरसिंगाला मानाचे स्थान दिले आहे. हा मोठेपणा मला फार आवडला.

कॉर्बेट यांनी कॉलेजचे तोंड पाहिले नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात, म्हणजे माझ्याच वयात, ते रेल्वेच्या नोकरीला लागले. पुढे गंगाकाठी मोकामा घाट येथे मालाची चढउतार करून घेण्याचे कंत्राट त्यांनी घेतले आणि वीसहून अधिक वर्षे मजुरांबरोबर काम केले. तेथे स्टेशनमास्तर रामसरन यांच्या जोडीने त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. जातीचा प्रश्न आला. उच्च जातीची मुले खालच्या जातीच्या मुलांबरोबर एका झोपडीत बसेनात. मात्र नुसत्या छपराखाली बसायला त्यांची हरकत नव्हती. तेव्हा रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या! वाघांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण माझ्यासारख्या मुलाला त्या बिनभिंतीच्या शाळेचीही आठवण राहते.

नरभक्षकांमागे ते सुटीत आणि सवडीने जात. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून तिचे ४३६ बळी सांगितले जातात. गावेच्या गावे दारे लावून बसली होती. शेतावर, गवताला, लाकडाला जायची सोय उरली नव्हती. मेल्यावर तिचे तोंड उघडून पाहिले तर उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते. कोणाच्या तरी गोळीने ती जखम केली होती, आणि नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. रुद्रप्रयागचा बिबळ्या त्यांनी १९२६ च्या मे महिन्यात मारला. त्याच्या सरकारी नोंदीतल्या बळींची संख्या १२५ होती.

आता ठाकच्या वाघिणीची हकीकत. साल १९३८, नोव्हेंबरची तीस तारीख. शारदा नदीच्या बाजूच्या डोंगरात या वाघिणीने चार माणसे मारली होती आणि जंगलतोडीच्या मजुरांत घबराट पसरली होती. कॉर्बेट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. मचाणे झाली, बांधलेली जनावरे झाली, पण वाघीण हाती लागेना, आणि त्यांचा परतीचा दिवस येऊन ठेपला. त्या संध्याकाळी त्यांनी तिची हाक ऐकली. ती जोडीदार शोधीत होती. कॉर्बेट यांनी नराच्या आवाजात उत्तर दिले. तिने साद दिली. ते पुन्हा बोलले. अशी ती जवळ जवळ येत गेली आणि उजेड कमी कमी होत गेला. बरोबरची माणसे दोन बकऱ्या घेऊन खडकाच्या आडोशाला बसली होती. खडकावरून कॉर्बेट यांनी गोळी झाडली आणि बंदुकीच्या धक्क्याने ते स्वतःच मागे माणसांच्या अंगावर कोसळले. वाघीण मेली होती. तिच्याही अंगावर गावठी छऱ्यांच्या जुन्या जखमा निघाल्या. खांद्यावरची एक जखम चिघळून बरी झालेली होती. कॉर्बेट यांनी मारलेला हा शेवटचा नरभक्षक.

ज्यांनी वाघ मारून नाव मिळविले, तेच वाघाचे कैवारी झाले. एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. यंत्राच्या आवाजाने वाघ बुजू नयेत म्हणून ओढ्याला लहान बांध घालून त्यांनी पाणी खळखळते केले आणि चित्रपट्टी काढली. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याशी राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचीही खटपट होती. १९४७ साली बहीण मॅगी यांच्यासह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. पुढे त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही १९७३ साली तेथूनच झाली.

ठाकची हकीकत मी एका रात्री आजोबांना मराठीत सांगितली. त्यांना वाचता येत नाही. ते ओटीवर बसून शेवटपर्यंत गप्प ऐकत होते. मग म्हणाले की, त्या साहेबाने मारली ते योग्यच केले. नाही तर बायाबापड्यांनी गवताला जायचे कसे? पण ती जोडीदाराच्या हाकेला आली होती, आणि हाक खोटी होती. ते खोटे हाक घालणाऱ्याच्या गळ्यात राहते. मग त्यांनी प्रथमच सांगितले, की पान वाजवल्यावर एकदा एक मादी अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचा पान्हा दिसत होता. त्या दिवसापासून त्यांनी पान ओठाला लावले नाही.

वाचकहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पण फिरायला येणारी काही मंडळी मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पाखरू मात्र घरटे सोडून खोट्या शत्रूमागे धावत असते. रानाची भाषा शिकायला कॉर्बेट यांना आयुष्य लागले. आपल्याला ती खिशात मिळाली आहे. ती बोलण्याआधी आपण कोणाला आणि कशासाठी हाक मारीत आहोत, एवढा विचार तरी करावा. आजोबांनी तो पान फेकून देऊन केला, आणि कॉर्बेट यांनी कॅमेरा उचलून.