सिलिकॉनचा देव्हिल

सिलिकॉन म्हटलं की आपल्याला चिप आठवते, नाहीतर सोलर पॅनेल. पण स्फटिकरूप सिलिकॉन पहिल्यांदा कोणी बनवलं? आंरी सेंत-क्लेअर देव्हिल! हा फ्रेंच माणूस गाजला अ‍ॅल्युमिनियममुळे. मी कॉन्व्हेंटची, मराठी थोडी सांभाळून घ्या, पण याच्याबद्दल लिहायचंच होतं.

देव्हिलचा जन्म १८१८ चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर. शिक्षण पॅरिसला. १८५१ पासून तो तिथेच एकोल नॉर्मालमध्ये प्रोफेसर होता.

नेहमीची वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. तिच्यातला ऑक्सिजन सिलिकॉनला सहजासहजी सोडत नाही. १८०८ मध्ये डेव्हीने बॅटरी लावून पाहिली, जमलं नाही. १८२४ मध्ये बर्झेलियसला मिळाली ती नुसती पावडर.

देव्हिल तर अ‍ॅल्युमिनियमच्या मागे होता! १८५४ मध्ये त्याने सोडियम-अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिठातून करंट सोडला. मीठ अशुद्ध निघालं. मिळालेल्या धातूत सुमारे १० टक्के सिलिकॉन होतं. अ‍ॅल्युमिनियम विरघळवून काढल्यावर खाली चकचकीत पापुद्रे उरले. दुसऱ्या कुणी गाळ म्हणून फेकले असते. याने तपासले, आणि ते सिलिकॉनचे स्फटिक निघाले.

पण बॅटरीची वीज फार महाग. म्हणून अ‍ॅल्युमिनियमसाठी त्याने सोडियमची रासायनिक पद्धत धरली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं अ‍ॅल्युमिनियम झळकलं. १८८१ मध्ये तो गेला. पुढे डायनॅमोची स्वस्त वीज आली आणि १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी पुन्हा वितळलेल्या मिठात करंट सोडूनच अ‍ॅल्युमिनियम स्वस्त केलं. म्हणजे रस्ता बरोबर होता, वीज परवडत नव्हती!

आता आपल्याकडे या. साक्री तालुक्यातला शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. पॅनेलचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. जगातली बहुतेक पॅनेल सिलिकॉनची. ती जुनी झाली की त्यातलं सिलिकॉन पुन्हा शुद्ध करायचं कसं? एक मार्ग देव्हिलचाच: अशुद्ध सिलिकॉनचा अ‍ॅनोड करून तापलेल्या वितळलेल्या मिठात ठेवायचा. करंट दिला की सिलिकॉन कॅथोडवर जमतं, घाण अ‍ॅनोडवर नाहीतर मिठातच राहते. संशोधन चालू आहे, पण अडचणी आहेत, त्यात विजेचा खर्चही.

खान्देशात उन्हाला तोटा नाही. उन्हाच्याच विजेवर जुनी पॅनेल शुद्ध करता आली तर? फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनो, बघा जमतंय का!