नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडीस

मुलगा पदवीधर झाला की त्याने डॉक्टर व्हावे, वकील व्हावे की इंजिनियर, याचा खल आपल्या ज्ञातीतील घरोघर होतो. त्यात नगररचनेचे नाव क्वचितच निघते. वस्तुतः आपले राहते घर व आपली गल्ली राहणार की पडणार, हे पुष्कळदा याच शास्त्राच्या हाती असते. म्हणून त्याच्या एका आद्य आचार्याचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्स्ले यांचे शिष्य. १८७९ मध्ये मेक्सिकोत असता काही काळ त्यांची दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्यास हा केवढा आघात! परंतु प्राणी व त्याचा परिसर एकत्र पाहण्याची त्यांची सवय गेली नाही. तीच पुढे त्यांना मनुष्य आणि नगर यांच्या अभ्यासाकडे घेऊन गेली. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिची सुधारणा करू लागले.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रार्पण झाला, तरी त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले. त्या काळी दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे, हाच सुधारणेचा मार्ग मानला जाई. गेडीस मात्र आधी गल्लीगल्ली पायी हिंडत. एखादे मोडकळीस आलेले घर काढावे, मोकळी जागा जोडावी, विहीर व झाड राखावे, बाकी संसार जागच्या जागी राहू द्यावेत; निदानाआधी औषध देऊ नये, ही त्यांची रीत. तंजावरला याच रीतीने त्यांनी कमी खर्चाचा व कमी घरे पाडणारा पर्याय दाखविला.

१९१७ साली त्यांचा ज्येष्ठ पुत्र युद्धात पडला आणि थोड्याच महिन्यांत हिंदुस्थानातच पत्नीचेही निधन झाले. पुत्राच्या मृत्यूची वार्ता तिला अखेरपर्यंत कळू दिली नव्हती. एवढे दुःख गिळून हा पुरुष कामास लागला. इंदूर दरबारास त्यांनी १९१८ मध्ये अहवाल दिला. तेथे प्लेगने लोक भयभीत झाले असता, जो भाग सर्वांत स्वच्छ ठेवला जाईल तेथूनच दिवाळीची मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. घरे झाडली गेली, गाड्यागाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. ज्यांच्या श्रमावर नगर जगते त्यांना मान देणे, हाही नगररचनेचाच भाग होय, हे त्या दिवशी इंदुराने पाहिले.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने विलायतेस गेले. १९२५ मध्ये गेडीस यांनी तेल अवीव नगराचा आराखडा केला. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे त्यांचे देहावसान झाले.

नगररचनाकाराची एक रेघ शेकडो चुली विस्थापित करू शकते. आमच्या तरुण-तरुणींनी या व्यवसायात अवश्य जावे. मात्र ती रेघ ओढण्यापूर्वी त्या गल्लीतून एकदा पायी चालावे, एवढीच आमची विनंती.