प्रबंध, मुदत आणि बाबासाहेब

पोलादपूर-महाड परिसरात १९२७ हे साल चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी ओळखले जाते. मार्चमध्ये महाडला पहिली परिषद भरली, डिसेंबरमध्ये दुसरी. या दोन परिषदांच्या दरम्यान, ८ जून १९२७ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना पीएच.डी.ची पदवी रीतसर बहाल केली, ही बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. न्यूयॉर्कमधील अभ्यास आटोपून तोवर तब्बल अकरा वर्षे लोटली होती. प्रबंध पूर्ण करणे म्हणजे केवळ लिहून होणे नव्हे; मुदत, पैसा आणि विद्यापीठाचे नियम या तिन्ही गोष्टींचा मेळ बसल्याखेरीज पदवी हाती येत नाही. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा इतिहास हा या तिन्हींशी केलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव आंबडवे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर आणि महाड मागे टाकत बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या दक्षिणेकडील मंडणगड तालुक्यात हे गाव आहे. वडील रामजी सुभेदार यांनी मुलाच्या शिक्षणासाठी प्रसंगी कर्ज काढले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव बी.ए. झाले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. पुढील शिक्षणाची वाट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मोकळी करून दिली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यासाठी करावा लागला. परदेशी पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांच्या शिक्षणाची मुदत अशी कागदावर उतरली होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची संख्या आजच्या विद्यार्थ्यालाही थक्क करील अशी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि त्यांच्या जोडीला तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावरील त्यांच्या प्रबंधावर १५ मे १९१५ ही तारीख आहे. कंपनीच्या राजवटीत हिंदुस्थानचा महसूल कसा गोळा झाला आणि कोठे खर्च झाला, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे. प्राचीन भारतीय व्यापार हा विषयही त्यांनी याच काळात अभ्यासला. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. शिष्यवृत्तीची तीन वर्षे संपत आली असताना विद्यार्थ्याने एकही सत्र वाया घालविले नव्हते.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असा दुहेरी अभ्यास त्यांनी सुरू केला. मात्र वर्ष पुरते सरण्याआधीच शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याला परतणे भाग पडले. अभ्यास अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून उतरायला वेळ लागत नाही. भीमरावांनी निघण्यापूर्वीच त्याची तजवीज केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी विद्यापीठाची परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन खंडित शिक्षण पुढे चालू करता येईल, असे ठरले. मुदत तुटण्याआधी ती वाढवून घेण्याची ही दक्षता पुढे फार मोलाची ठरली.

ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे ग्रंथ आणि सामान वेगळ्या जहाजाने पाठविले होते. ते जहाज पाणतीराच्या माऱ्याने समुद्रात बुडाले. ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस उतरलेल्या या विद्वानाजवळ स्वतःची पुस्तकेही उरली नव्हती. सामानाची भरपाई म्हणून मिळालेल्या पैशांतूनच त्यांच्या बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. बडोद्यात उच्च पदावरील अधिकारी असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात ते उतरले तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ते मुंबईला परतले. चार वर्षांपैकी पहिले वर्ष असे धकाधकीत चालले होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरमहा ४५० रुपये पगार होता. घरखर्चाला कात्री लावून त्यांनी लंडनसाठी पैसा साठविला. रमाबाईंनी काटकसरीने संसार ओढला. त्या प्रबंधांच्या खर्चात त्यांच्या कष्टांचाही वाटा आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले आणि सप्टेंबरअखेर पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. चार वर्षांच्या सवलतीतील तीन वर्षे तोवर खर्ची पडली होती.

उरलेल्या वर्षाचा त्यांनी घेतलेला उपयोग लंडनमधल्या त्यांच्या दिनक्रमातून दिसतो. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडण्यापूर्वी हजर व्हायचे आणि बंद होईपर्यंत वाचायचे. पैसे वाचविण्यासाठी दुपारचे जेवण बहुधा टाळायचे. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. सोबत राहणाऱ्या मित्राजवळच्या पापडांवर रात्रीची भूक भागत असे. जून १९२१ मध्ये, म्हणजे परतल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, त्यांना एम.एस्सी.ची पदवी मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतवार विकेंद्रीकरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि जमाखर्चाची कोष्टके यांतून उभा केलेला हा प्रबंध नऊ महिन्यांत साधला. कारण त्याच प्रश्नाची पायाभरणी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आधीच केली होती. एका पदवीचे वाचन दुसऱ्या पदवीला उपयोगी पडेल अशी विषयांची निवड करणे, ही त्यांच्या अभ्यासाची पद्धतच होती.

पुढची पायरी डी.एस्सी.ची. रुपयाचा प्रश्न हा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. त्याच वर्षी ते बॅरिस्टरही झाले. ब्रिटिशांच्या चलनधोरणावरील त्यातील टीका परीक्षकांना रुचली नाही. मार्च १९२३ मध्ये फेरलेखनाची सूचना आली. जवळचे पैसे संपल्याने लंडनमध्ये राहून दुरुस्त्या करणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. वकिलीची सनद, घरची जबाबदारी आणि समाजकार्य यांच्या गर्दीत त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठविला. मांडणी बदलली, पण निष्कर्ष त्यांनी मागे घेतले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये प्रबंध मान्य झाला. त्याच वर्षी तो कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने निघाला. १९२५ मध्ये भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हा हाच अभ्यास त्यांच्या पाठीशी होता.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र अजून बाकी होती. त्या विद्यापीठाच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याखेरीज पदवी मिळत नसे. छपाईला पैसा लागतो आणि तो साठायला वर्षे लागली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशन संस्थेने काढला. त्याला कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. ही शेवटची अट पूर्ण होऊन पदवी जाहीर झाली ती १९२७ च्या जूनमध्ये.

तोवर त्यांच्यासमोर दुसरीच लढाई उभी राहिली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यानंतर महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात मात्र कोणी बजावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या समुदायासह बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले. डिसेंबरमधील सत्याग्रहापूर्वी विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढा कायद्याच्या मार्गाने चालविला. कागदपत्रे, साक्षीपुरावे आणि तारखांवर तारखा असे ते प्रकरण दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. प्रबंधाने शिकविलेला चिवटपणाच या खटल्यात कामी आला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. याच जिल्ह्यात लोणेरे येथे आता बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील मुलामुलींना पदव्युत्तर शिक्षणासाठी जहाजाने सातासमुद्रापार जावे लागत नाही. मुदतीची चिंता, पैशांची ओढ आणि परीक्षकांचे शेरे मात्र कोणाला चुकलेले नाहीत. मुदत संपण्याआधी परवानगी मागावी, काम परत आले तर ते पुन्हा करावे आणि शेवटची अट पूर्ण होईपर्यंत काम संपले असे मानू नये, हे बाबासाहेबांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले. ज्या विद्यापीठाने त्यांना छापील प्रतींसाठी थांबविले, त्याच कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी राज्यघटनेच्या कार्याबद्दल त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्या पदवीसाठी त्यांना कोणताही प्रबंध सादर करावा लागला नाही.