उपाशी मुलीने उभारलेलं घर

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात, की लोणी, उरुळी, यवत करत केडगाव येतं. तुमच्यातले कितीतरी जण रोज अप-डाऊन करताना हे स्टेशन बघत असतील. कानात इअरफोन, दारात गर्दी, पुढच्या लेक्चरचं टेन्शन. स्टेशनाच्या त्या बाजूला एक जुनं आवार आहे आणि त्यात एक मोठं दगडी चर्च आहे, हे मलाही परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं. पंडिता रमाबाई मला माहीत होत्या त्या फक्त ‘जोड्या लावा’मधून. रमाबाईंच्या समोर शारदा सदन, एक मार्क, विषय संपला.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच केडगावात दीड हजारांहून जास्त बाया आणि पोरी एकत्र राहत होत्या. बहुतेक जणी दुष्काळातून आलेल्या. कुणाचे आईवडील गेलेले, कुणाला नवऱ्याने सोडलेलं, कुणी बालविधवा, कुणी अंध. एवढ्या मोडलेल्या माणसांनी एकमेकींना कसं सांभाळलं असेल? याचं उत्तर शोधायचं तर आधी रमाबाईंचीच गोष्ट ऐकायला हवी. कारण त्या स्वतः दुष्काळातून वाचलेली मुलगी होत्या.

तिरडी डोक्यावर

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक त्यांच्यावर उखडले होते. पुढे आईने रमाला शिकवलं. शाळा नाही, इमारत नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात बसून पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. लहान वयात रमाला भागवताचे हजारो श्लोक पाठ होते.

मग १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हतं, तर पुराण कोण ऐकणार? घरातली चीजवस्तू विकून झाली. मजुरी करायची तर सवय नाही आणि भीक मागायची तर लाज. पानं खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या आत आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आई गेली तेव्हा खांदा द्यायलाही कुणी येईना. कसेबसे दोन ब्राह्मण आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी होती, खांदा पुरेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि काही मैल चालत गेली.

तुम्ही-मी ज्या वयात अकरावीच्या ॲडमिशनसाठी रडतो, साधारण त्याच वयात.

मग उरली ती बहीणभावंडं. दोघं चालत चालत पार पंजाबात पोचली. झेलमच्या काठी एका रात्री थंडी इतकी होती, की दोघांनी वाळूत दोन खड्डे केले, त्यात झोपली आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. अंगावर घ्यायला दुसरं काही नव्हतंच.

१८७८मध्ये ती दोघं कलकत्त्यात पोचली. तिथल्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका रात्रीत फेमस म्हणतात ना, तसंच. पण १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१मध्ये मुलगी झाली, मनोरमा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच कॉलऱ्याने नवरा गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठ्या. हातात तान्ही पोर आणि मागे कुणीही नाही.

फुलहॅममध्ये काय पाहिलं?

१८८२मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींना शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकायला कमी येत असल्यामुळे ते स्वप्न राहून गेलं.

इंग्लंडात वाँटेज गावी त्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या होत्या. या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे एक आसरा होता. आपल्याकडे अशा बाईच्या वाट्याला काय येतं, हे रमाबाईंनी जवळून पाहिलं होतं. इथे मात्र तिला प्रेमाने जवळ घेतलं जात होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पूर्वी तिथे आसऱ्याला आलेल्या काही बायका आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. काल ज्यांना हात मिळाला, त्या आज दुसऱ्याला हात देत होत्या. हे असं का, कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं आणि ख्रिस्ताची शिकवण वाचायला घेतली. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच पाठ फिरवली. आजच्या भाषेत सांगायचं तर भयंकर ट्रोलिंग.

पण तुम्हाला वाटेल की चर्चमध्ये गेल्यावर तरी त्या निवांत झाल्या असतील, तर तसंही नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशाची संस्कृत का नको, असा त्यांनी वाद घातला. बाईने तरुण मुलग्यांना शिकवू नये, असं बिशप मंडळींचं म्हणणं पडलं, तेव्हा त्याही निर्णयाशी त्या भांडल्या. जेवण शाकाहारीच ठेवलं. दोन्हीकडचे लोक त्यांना आपल्यासारखं करू बघत होते आणि त्या कुणाच्याच साच्यात बसत नव्हत्या. समाज बदलला, धर्म बदलला, तरी माणूस एकटा पडू शकतो. मला वाटतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

एक घर, एक वाद

१८८६मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं. तिथे त्यांनी भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, आणि बोस्टनमध्ये लोकांनी रमाबाई असोसिएशन स्थापन केली. दहा वर्षं पैसे पाठवायचं ठरलं. परत येऊन ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं, मुख्यतः उच्च जातींतल्या विधवा मुलींसाठी. सुरुवातीच्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केलं. हो, तेच आपले महर्षी कर्वे.

सदन पुण्याला आलं आणि वाद पेटला. इथे धर्मप्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाई मुलींना सक्ती करत नव्हत्या, पण त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. रमाबाई म्हणायच्या, दार मी का लावू? रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांना वाटलं, शब्द मोडला. १८९३मध्ये त्यांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. हे लिहिताना मी कुणाची बाजू घेऊ, हा प्रश्न मलाही पडला. विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांचं दुखणं खोटं नव्हतं. आणि सगळं गमावलेल्या बाईने आपल्या घरात मोकळेपणाने प्रार्थना करू नये, ही अपेक्षासुद्धा सोपी नव्हती. तुम्हीच विचार करा.

अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षं संपत येणार, म्हणून रमाबाईंनी केडगावजवळ शंभरेक एकर माळरान घेतलं. संत्री-लिंबांची झाडं लावायची, विहिरी खणायच्या, फळं विकून सदन चालवायचं, असा हिशोब. पण झाडं मोठी व्हायच्या आधीच १८९६चा दुष्काळ आला.

तंबूतलं गाव

मध्य प्रांतात माणसं उपासमारीने मरत होती आणि एकट्या पडलेल्या मुलींना दलाल उचलून नेत होते. रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेगचे नियम कडक झालेले, एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी नाही. मग सगळ्यांना केडगावच्या माळावर नेलं. आधी तंबू, मग गवताची छपरं, मग इमारती. प्लेगच्या इस्पितळात एका मुलीची झालेली हेळसांड त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून उघड केली, तेव्हा गोरे सरकारही खवळलं.

आता इथे थांबा आणि नुसतं चित्र डोळ्यांपुढे आणा. हाडांचे सापळे झालेल्या मुली. अन्न दिसलं की झडप घालणाऱ्या, रात्री ओरडत उठणाऱ्या, खरूज आणि हगवणीने बेजार. भाषा वेगवेगळ्या, जाती वेगवेगळ्या. आणि सांभाळायला मोजकी माणसं.

हे निभावलं कसं? शारदा सदनात शिकलेल्या मुली पुढे आल्या. त्यांनी नव्यांना न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, अक्षरं शिकवली. १८९९मध्ये चर्चची कोनशिला बसली. त्यानंतरच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या, तेव्हा १८९७ला सापळा होऊन आलेल्या पोरी दाराशी उभ्या होत्या. आता सांभाळायची पाळी त्यांची होती. ज्या मुलीला काल कुणीतरी भरवलं होतं, ती आज कुणाला तरी भरवत होती. फुलहॅममध्ये पाहिलेलं रमाबाईंनी केडगावात असं उतरवलं.

या घराचं नाव मुक्ती. फुकट बसून खायचं मात्र नाही. दळण, स्वयंपाक, शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, असं ज्याला जे जमेल ते काम. अंध मुलींना काय जमणार, असं सगळ्यांना वाटायचं. मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांनी या मुलींना वाचायला शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. दिवस घंटेवर चालायचा आणि रोज सगळ्या एकत्र प्रार्थनेला बसायच्या. दिवसभर घाणा ओढणारी, शिकवणारी, छापणारी, सगळ्या त्याच जमिनीवर शेजारी-शेजारी.

सगळं गोड होतं असं समजू नका. कितीतरी मुली उपचाराच्या पलीकडे गेलेल्या असायच्या आणि त्या वाचल्या नाहीत. काही पळून गेल्या. पैशाची ओढाताण कायमची. बाहेर टीका चालूच होती. पण कुणी गेलं की मागच्यांना धीर द्यायला कुणीतरी असायचं. आईची तिरडी डोक्यावर घेणाऱ्या रमाला जे मिळालं नव्हतं, ते या मुलींना मिळत होतं.

शेवटचं काम

रमाबाईंना एक गोष्ट सलायची. मराठी बायबलची भाषा संस्कृतने जड झालेली, खेड्यातल्या बाईला कळेना. म्हणून वय वाढल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. त्यात वर्षानुवर्षं गेली. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बाया. दुष्काळात अक्षरओळख नसलेल्या पोरी आता हिब्रू-ग्रीक टाइप हाताळत होत्या. तुमच्या-माझ्यासारख्या मीडियाच्या विद्यार्थ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

१९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या, अवघ्या चाळिशीत. आपल्यामागे मुक्ती तीच सांभाळेल, असं आईने धरलं होतं. एकेकाळी सगळं घर गमावलेल्या बाईचं उरलेलं एकमेव माणूसही गेलं. पण या वेळी त्या वाळूच्या खड्ड्यात एकट्या नव्हत्या. भोवती शेकडो लेकी होत्या. भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला केडगावातच डोळे मिटले. मुक्तीचं काम त्यांच्यामागे चालू राहिलं, ते आजही चालू आहे.

मी फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले, तेव्हा तिसऱ्या दिवशी सणकून ताप आला. ओळख कुणाशीच नाही. पलीकडच्या खोलीतल्या सीनिअर ताईने रात्री मऊभात आणून दिला. थँक्यू म्हटलं, तर ती म्हणाली की मला पण कुणीतरी दिला होता. पुढच्या वर्षी मी कुणाला दिला का? खरं सांगू, नाही दिला. परीक्षा होती, प्रोजेक्ट होता, कारणं भरपूर होती. रमाबाईंबद्दल वाचताना तो भात राहून राहून आठवला.

जूनमध्ये तुमच्या कॉलेजात नवी बॅच येईल. गावाकडून, दुसऱ्या राज्यातून, कुणी घरी काहीतरी मोडून आलेलं. तुमच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणी हात दिला होता, ते नाव आठवून ठेवा. आणि कधी दौंडच्या गाडीत असाल, तर केडगावला एक मिनिट इअरफोन काढून बाहेर बघा.