तीन तोळ्यांची गोळी

लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर २ जुलै १८६० रोजी राणी व्हिक्टोरियाने एक रेशमी दोरी ओढली. टेकूवर घट्ट बसवलेल्या रायफलीतून गोळी सुटली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या ऐन मध्यापासून अवघ्या सव्वा इंचावर जाऊन बसली. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धांचे ते उद्घाटन होते. ती रायफल घडवणारा जोसेफ व्हिटवर्थ मात्र ना सैनिक होता, ना शिकारी, ना बंदुका घडवणाऱ्या घराण्यातला.

व्हिटवर्थचा जन्म १८०३ सालचा, स्टॉकपोर्टचा. बाप शाळामास्तर. चौदाव्या वर्षी पोरगा मामाच्या सूतगिरणीत लागला, पण त्याला ओढ सुताची नव्हती, यंत्रांची होती. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात हात तयार झाल्यावर १८३३ साली त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना थाटला. तीन लोखंडी पाटे आलटून पालटून एकमेकांशी ताडायचे, उंचवटे खरवडायचे आणि खरा सपाट पृष्ठभाग मिळवायचा, ही त्याची साधना. तोवर स्क्रूचे आटे प्रत्येक कारखान्याचे वेगळे असत. १८४१ साली त्याने त्यांना एक माप सुचवले. जुन्या इंग्रजी यंत्रांवर काम केलेल्या आपल्याकडच्या फिटरांनाही ‘व्हिटवर्थ’ हे नाव ठाऊक असे. माणसाचे नव्हे, आट्यांचे.

१८५४ साली, क्रिमियन युद्धाच्या धामधुमीत, सरकारने त्याला रायफली बनवण्याची यंत्रे तयार करायला सांगितले. त्याने उलट विचारणा केली की, मुळात चांगली रायफल कशामुळे चांगली होते? नेमके उत्तर कोणापाशीच नव्हते. मग मँचेस्टरला आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीची झाकलेली गल्ली उभारली. आत वाऱ्याला मज्जाव. वाटेत पातळ कागदाचे पडदे. प्रत्येक पडद्यावरचे भोक गोळीच्या प्रवासाची साक्ष देई.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत पहिला प्रश्न गोळीच्या वजनाचा. हलकी गोळी वेगाने सुटते, पण हवा तिला लवकर दमवते. जड गोळी वेग टिकवून धरते, वाऱ्याने कमी ढळते; मात्र खांद्याला दणका मोठा बसतो आणि सैनिकाच्या पाठीवरचे ओझेही वाढते. तेव्हाच्या लष्करी एन्फिल्ड रायफलीची गोळी ५३० ग्रेनची होती. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ती तीन तोळ्यांना किंचित कमी.

व्हिटवर्थने या वजनाला हातच लावला नाही. त्याने नळीचा व्यास ०.५७७ इंचावरून ०.४५१ वर आणला. तेच शिसे आता लांबट झाले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट भरली आणि हवेला भिडणारे तोंड जवळजवळ दोन पंचमांशाने घटले. भांडवल तेच, गुंतवणूक निराळी! पण लांबट गोळी जोराने फिरली नाही तर डगमगते, कोलांट्या खाते. एन्फिल्डच्या नळीतला पीळ ७८ इंचांत एक फेरा घेई. व्हिटवर्थने तो २० इंचांत बसवला. गोळीने पीळ सोडू नये म्हणून नळी आतून षट्कोनी केली.

१८५७ साली हाइथ येथे दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. ज्या एन्फिल्डच्या काडतुसांवरून त्याच वर्षी आपल्याकडे वणवा पेटला, तीच ही एन्फिल्ड. दारू दोहींत सारखीच, ७० ग्रेन. ८०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी चार फुटांहून अधिक भरकटल्या, व्हिटवर्थच्या सुमारे एक फूट. १४०० यार्डांवर एन्फिल्डचे मोजमाप घेण्यात अर्थच उरला नाही.

तरीही लष्कराने ती नाकारली. अरुंद नळी काजळीने लवकर तुंबे, पुन्हा भरणे जिकिरीचे होई आणि किंमतही भारी होती. गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या रूपाने. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचा जनरल जॉन सेजविक खाली वाकणाऱ्या आपल्या सैनिकांना, शत्रू फार दूर आहे असा धीर देत उभा होता. तेवढ्यात गोळीने त्याचा वेध घेतला. ती व्हिटवर्थची होती, असे मानले जाते. अंतराचा भरवसा त्या दिवशी संपला. कागदी पडद्यावरच्या निर्मळ भोकाचा हिशेब असाही चुकता होतो.

१८६८ साली व्हिटवर्थने तरुण यंत्रज्ञांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या, पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट किताब मिळाला आणि २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे तो वारला. तोवर ब्रिटिश लष्कराने त्याची षट्कोनी नळी नव्हे, पण त्याचे गणित स्वीकारले होते. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीची नळी ०.४५ इंचाची, गोळी ४८० ग्रेनची आणि पीळ २२ इंचांत एक फेरा!

आजच्या गोळ्यांवर तांब्याचे कवच असते, दारूही बिनधुराची. पण जाणता नेमबाज वजन ठरवण्याआधी आजही नळीचा पीळ पाहतो. पीळ पुरेसा नसेल, तर जड गोळी हे निव्वळ ओझे. आणि पुरेसा असेल, तर ती किती दूर जाईल हे सांगता येते. कोणावर झाडावी, हे मात्र नळीला ठरवता येत नाही.