संत तुकाराम : आपल्या वाट्याचा हिशोब

आपल्या चिंचवडपासून जवळच इंद्रायणीकाठी देहू आहे. सतराव्या शतकात तिथे तुकोबांच्या घरी दुकानदारी होती, महाजनकी होती आणि सावकारीही होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बसला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. भूक घरातच पाहिल्यावर गोरगरिबांकडून वसुली करणं तुकोबांना नकोसं झालं. त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते.

एवढी गोष्ट मुलांना माहीत असते. पण त्याआधीचं सांगायचं आपल्याकडून राहून जातं. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी खतं धाकटा भाऊ कान्होबाला दिली, कारण त्यालाही संसार होता. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची! आपलं तत्त्व त्यांनी भावाच्या पैशावर लादलं नाही.

तरी झळ घरी बसलीच. दुसरी पत्नी जिजाबाईंनी ओढगस्तीत संसार रेटला. म्हणून वर्गात ही गोष्ट सांगताना फळ्यावर दोन नव्हे, तीन नावं लिहा : तुकोबा, कान्होबा, जिजाबाई. प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं, ते मुलांनाच सांगू द्या. पैशाचा निर्णय घेताना घरातल्या कोणाकोणाला विचारायचं, हे त्यांना तिथेच उमगेल.