गुंटूरच्या डॉक्टर सिस्टर




५ मे ही सिस्टर डॉ. मेरी ग्लाउरी यांची पुण्यतिथी. सिकंदराबादच्या कॅथलिक हेल्थ असोसिएशनचं नाव आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण ती उभी करणारी बाई कोण, हे चर्चमधल्या जुन्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. शेजारच्या हिंदू-मुसलमान भगिनींनीही वाचावं असं हे चरित्र आहे.

मेरीबाई मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, जन्म १८८७चा. १९१० साली मेलबर्न विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. तिथल्या हॉस्पिटलांत बाईला उमेदवारी मिळणं कठीण, म्हणून ती न्यूझीलंडला जाऊन केली. पुढे मेलबर्नमध्ये चांगला जम बसला. १९१५ मध्ये डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलॅरन यांच्यावरची एक छोटी पुस्तिका हाती पडली, आणि हिंदुस्थानात किती तान्ही बाळं दगावतात ते त्यांना कळलं. झालं, दिशाच बदलली. १९१९ मध्ये त्यांनी स्त्रीरोग, प्रसूती आणि नेत्ररोग या विषयांत एम. डी. केलं आणि १९२०च्या फेब्रुवारीत त्या गुंटूरला उतरल्या. तिथे जे. एम. जे. संघाच्या डच सिस्टरांमध्ये त्या सामील झाल्या.

इथे एक अडचण होती, आणि ती आपल्याच घरची. व्रतस्थ सिस्टरांनी वैद्यकी करू नये असा तेव्हा चर्चचा नियम. बाळंतपणाला हात लावणं तर दूरच. मॅकलॅरनबाईंनी रोमकडे वारंवार अर्ज केले, पण १९१३ मध्ये त्या वारल्या तरी नियम तसाच होता. मेरीबाईंना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी खास परवानगी दिली. सगळ्या सिस्टरांसाठी हे दार उघडलं ते १९३६ मध्ये. मधल्या काळात किती बाया गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बाळ झालं की घरचे सुटलो म्हणतात. खरा धोका त्यानंतर असतो. आईला रक्तस्राव होतो तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत. बाळंतज्वर चढतो दोन-तीन दिवसांनी. घाणेरड्या विळ्याने नाळ कापली असेल तर आठवडाभरात बाळ दूध ओढेनासं होतं, अंग ताठ होतं, तो धनुर्वात. सल्फाची औषधं आली १९३५ नंतर, पेनिसिलीन त्याहून उशिरा. तोवर उकळलेलं पाणी, धुतलेले हात, स्वच्छ फडकं आणि रोज येऊन बाळंतिणीकडे बघणारी जाणती बाई, एवढंच हाताशी होतं. काही घरांत पहिला चीक काढून टाकत, ते थांबवायलाही घरात शिरकाव असलेलीच बाई लागते.

एकटी डॉक्टर किती उंबरे झिजवणार? मेरीबाई तेलुगू शिकल्या, आणि त्यांनी गावच्या मुलींना सुइणीचं, नर्सचं आणि औषधं देण्याचं शिक्षण दिलं. मला त्यांचं हेच काम सगळ्यांत मोठं वाटतं. शिक्षकाचा पक्षपात म्हणा हवं तर! तेलुगूत सुइणीला मंत्रसानी म्हणतात. म्हातारी मंत्रसानी ज्या घरी जायची त्याच घरी आता शिकलेली मुलगी जाऊ लागली.

लहानशा दवाखान्याचं पुढे संत जोसेफ रुग्णालय झालं. १९४३ मध्ये त्यांनी देशातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना उभी केली. तीच आजची सिकंदराबादची संस्था. कॅथलिक मेडिकल कॉलेज व्हावं ही मोठी इच्छा होती, पण ते बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. १९५७ मध्ये बेंगळुरूला कर्करोगाने त्या गेल्या. तिथेच १९६३ मध्ये सेंट जॉन्स कॉलेज सुरू झालं.

एक निवृत्त शिक्षक, नारायणगुडा